खडूचा तुकडा

बालवाडीत नवे रंगीत खडू आले की मी ते आधी मोडते आणि मगच मुलांना देते. आज सईच्या आईने ते पाहिलं.

"बाई, कोरे खडू मोडता कशाला?"

"अख्खा खडू ती मुठीत धरते. तुकडा मुठीत हरवतो, मग चिमटीत धरावाच लागतो."

"पण पेन्सिल धरायला येईल ना हिला?"

मी नुसतं सईकडे बोट दाखवलं. तिने तुकडा चिमटीत धरला होता. आंबा रंगवता रंगवता ती कडेपाशी आली आणि तिचा हात चक्क थांबला. महिनाभर मी याचीच वाट पाहत होते. हात चालवणं सोपं असतं. तो नेमका थांबवणं मोठ्यांनाही कुठे जमतं? मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आई मदतीला वाकली.

"तू नको गं आई," सई म्हणाली, "तुझ्याकडून रंग बाहेर जाईल."