चेंडूवाली आणि टपालबाई

तिला सगळे चेंडूवाली म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गोल्फच्या सराव मैदानावर लोकांनी टोलवलेले चेंडू गोळा करायचे, धुवायचे आणि पुन्हा टोपल्यांत भरायचे, हे तिचं विशीतलं काम. मैदान बंद व्हायच्या आधी ती स्वतःही अर्धा तास खेळून घ्यायची. सभासद आपला खेळ सोडून तिचे फटके बघत उभे राहायला लागले, तेव्हा व्यवस्थापकानेच तिला स्पर्धेत उतरवलं. चोविसाव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली.

पुढची नऊ वर्षं मात्र विजयाने हुलकावणीच दिली. पाचदा ती दुसरी आली. एक फटका फसला की तिचं डोकं फिरायचं आणि पुढचे चार वाया जायचे. लिफ्टदुरुस्ती करणारा नवरा समजूत घालायचा, "दुसरी म्हणजे काय कमी आहे?" त्यावर तिचा नुसता तिळपापड व्हायचा.

राष्ट्रीय अजिंक्यपदाला दोन दिवस उरले असताना तिची बॅग उचलणारा कॅडी जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून बसला. नाश्त्याच्या टेबलावर ती डोकं धरून बसली होती. एकतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिशवी उचलायची आणि चालायचं, एवढंच ना? मी येते."

"आई, पंधरा किलोची बॅग असते. चार दिवस, रोज आठ-दहा किलोमीटर!"

"निवडणुकीच्या दिवसांतली माझी टपालाची पिशवी उचलून बघितली असतीस, तर हे बोलली नसतीस."

नवऱ्याने शहाणपणाने तोंडात मोठा घास कोंबला.

पहिल्या दिवशी सासूबाईंचे जाडजूड टपालबूट बघून बाकीचे कॅडी गालातल्या गालात हसले. दुसऱ्या दिवशी हसू आटलं. पावलं मोजत चालायची बाईंची सवय मुरलेली, त्यामुळे होलपर्यंतचं अंतर त्या नजरेनेच सांगायच्या. "एकशे अठ्ठेचाळीस मीटर," म्हणाल्या की तेवढंच भरायचं.

चौथ्या दिवशी दोनच होल उरले होते आणि चेंडूवाली दोन फटक्यांनी पुढे होती. तेवढ्यात तिचा चेंडू तळ्यात गेला. तो होल संपेपर्यंत आघाडी गेली, बरोबरी झाली. तिचे कान तापले. ती तळ्याकडे बघत खिळून राहिली.

"चल," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा हो जरा!"

"कशाला? पत्र चुकीच्या दारात पडलं तर मी काय त्याच पायरीवर बसून राहायचे? पुढची अख्खी गल्ली वाट बघत असायची."

"आई, हे पत्र नाही, अजिंक्यपद आहे!"

"असेल. आणि तुला भूक लागलीय. भूक लागली की तू कपाळ चोळतेस." त्यांनी बॅगेच्या कप्प्यातून केळं काढून तिच्या हातात दिलं.

रडावं की हसावं तिला कळेना. केळं खाल्लं आणि ती चालू लागली.

शेवटच्या होलला तिचा पहिला फटका सरळ गेला. "एकशे एकतीस. वारा समोरून. कुठला क्लब घ्यायचा ते तू ठरव, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तिने ठरवलं. चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला. चेंडू आत घालायला प्रतिस्पर्धी मुलीला आणखी दोन फटके लागले, हिला एकच पुरला. नवरा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीवरून उडी मारायला गेला आणि सगळ्यांदेखत उताणा पडला.

तीन महिन्यांनी बरा झालेला कॅडी काम परत मागायला आला. तिला संकोच वाटला. सासूबाईंना नाही. "सराव तुझा, स्पर्धा माझ्या," त्यांनी सांगून टाकलं. ही वाटणी पाच वर्षं टिकली आणि आणखी तीन अजिंक्यपदं घरात आली. मग सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि बॅग कॅडीकडे परत गेली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी चेंडूवालीने स्पर्धा सोडल्या आणि त्याच सराव मैदानावर बायकांचा वर्ग सुरू केला. सासूबाई घडीची खुर्ची घेऊन येतात आणि न विचारता सूचना देतात. परवा एका नव्या शिकाऊ बाईचा चेंडू कुंपणावरून थेट एका गाडीच्या काचेवर गेला. सासू-सून दोघी गाडीच्या मालकाची माफी मागायला निघाल्या. बोलायला अर्थात सासूबाई पुढे.