चौथीच्या यादीतलं पहिलं पुस्तक

चौथीच्या मुलांसाठी खऱ्या आयुष्यावरच्या गोष्टींची यादी करत होते. एका गोष्टीत मुलीचे वडील कारखान्यातल्या स्फोटात मरतात. सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या, "दीदी, ये रहने दो. मुलं घाबरतील." यादीतून नाव खोडण्याआधी पुस्तक उघडून पाहिलं, तर बांधणीच्या खळीचा वास आला.

मी लहान असताना, युद्धाच्या वर्षी, जबलपुरात आमच्या वर्गात आलेल्या नव्या पुस्तकाला हाच वास होता. बाई वाचत होत्या: बाबा रोज कारखान्यातून हसत येतात, जिलेबी आणतात. माझ्या बाकावरची नलू उठली. आठवड्यापूर्वी कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला होता आणि तिचे बाबा दारूगोळ्याच्या शेडमधून परतले नव्हते. तिने पुस्तक हिसकावून टराटरा फाडलं. मी हात धरला, तर तिने पाटी माझ्या कपाळावर हाणली. बाईंनी तिला छडी मोडेपर्यंत मारलं. नलू रडली नाही. एवढंच म्हणाली, "याच्यात भोंगा काहून नाही वाजत?"

कपाळाचं रक्त पुसताना मला ती वेडी वाटली होती.

स्फोटाच्या गोष्टीचं ते पुस्तक मी यादीत पहिलं लिहिलं. "आणि कोणी घाबरलं तर?" शिक्षिकांनी विचारलं.

"त्याच्याजवळ बसायचं."

नलूजवळ त्या दिवशी कोणी बसलं नाही. मी तर बाक बदलून घेतला होता.