लेकीला उठवताना

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे गजरमावशी म्हणत. घड्याळाच्या गजराला जेवढी दयामाया असते तेवढीच तिला आहे, असं सिस्टर लोकांचं मत होतं. सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा उभं करायचं, हे वॉर्डातलं सगळ्यात नकोसं काम, आणि ते वर्षानुवर्षं हिच्याच गळ्यात पडलेलं. डॉक्टरीणबाई राउंडला येणार, 'आज चालवा हिला' म्हणणार आणि पुढच्या पलंगाकडे जाणार. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! खांदा द्यायचा तो गजरमावशीने. त्या खांद्याने आता कुरकुरायला सुरुवात केली होती. कमरेचं तर विचारूच नका.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी कुशीवर वळा. पाय पलंगावरून खाली सोडा. टाक्यांवर उशी दाबून धरा, म्हणजे खोकला आला तरी जीव जात नाही. जोर कोपरावर द्या, पोटावर नको. गरगरलं तर थांबा, खाली बघू नका. एवढं सगळं नीट सांगायची, आणि बाई कण्हायला लागली की तोंडाचा पट्टा सुटायचा. "कळा नाहीत की काही नाहीत, आयतं बाळ हातात आलं, आणि वर रडताय?" बायका ओशाळायच्या आणि उठायच्या. तिची स्वतःची मुलगी दुपारी कामावरून आल्या आल्या घरातच झाली होती, तेही सुईण पोचायच्या आधी. त्यामुळे आपल्याला बोलायचा हक्क आहे असं तिला मनापासून वाटायचं.

आता तीच मुलगी खिडकीकडच्या पलंगावर होती. आदला अख्खा दिवस तिला कळा येत होत्या आणि बाळ काही खाली सरकत नव्हतं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तसं डॉक्टरीणबाईंनी सिझर करू या म्हटलं, तर ही 'थोडं थांबू या, थोडं थांबू या' करत बसली. घाबरली असेल, असं सगळ्यांना वाटलं. शेवटी नवऱ्याने हातापाया पडून तिला तयार केलं. बाळ सुखरूप निघालं. बाहेर आणल्यावर मुलीला एवढी हुडहुडी भरली होती की दात वाजत होते. हे भुलीमुळे होतं आणि आपोआप थांबतं, हे गजरमावशीला ठाऊक होतं. तरी ती पांघरुणावर पांघरुणं घालत राहिली. पाठीत इंजेक्शन कसं दिलं, पडद्यामागे कुणी सामानाची पिशवी उपसावी तशी पोटात ओढाताण कशी झाली, दुखलं मात्र कसं नाही, हे सगळं मुलीने नंतर नवऱ्याला सांगितलं. आईला नाही.

ती रात्र लेकीच्या उशाशी बसून काढली आणि सकाळी तशीच ड्यूटीला उभी राहिली. डोळ्यांत खडे टोचत होते, घोटे सुजले होते. सिस्टर म्हणाली, "मावशी, लेकीला उठवा. पडून राहिली तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती आहे. शिवाय लघवीची नळी काढलीय, तिला चालत जायला हवं."

"उठवते की," गजरमावशी म्हणाली. त्यात काय मोठंसं!

मुलगी सांगितल्याबरहुकूम वळली. पाय सोडले, उशी दाबली, कोपरावर जोर देऊन बसली. तोंडातून अवाक्षर नाही. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, आणि दात ओठात रुतले होते.

"दुखतंय का गं?"

"नाही."

उभी राहिली आणि मटकन खाली बसली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसली. गजरमावशीच्या हाताखालून न उठलेली बाई आजवर झाली नव्हती.

"अगं, कण्ह की जरा! श्वास कोंडून उभं राहता येतं का कधी?"

"कण्हले तर घरी नक्कल करशील."

संध्याकाळी घरी आलं की गरम पाण्यात पाय सोडून बसायचं आणि आज कोणती महाराणी कशी कण्हली ते करून दाखवायचं, हा गजरमावशीचा विरंगुळा होता. दिवसभराचा शीण त्यानेच उतरायचा. घरचे पोट धरून हसायचे. लहानपणापासून सगळ्यात मोठ्याने हसायची ती ही मुलगी.

"काल म्हणूनच थांबत होते," मुलगी म्हणाली. "गजरमावशीच्या पोरीलाच जमलं नाही, असं व्हायला नको म्हणून."

"अगं, पण बाळाचे ठोके..."

"कमी होत होते. माहीत होतं मला."

गजरमावशीने घसरलेली उशी उचलून तिच्या टाक्यांवर नीट धरली. रागवावं म्हटलं तर कुणावर?

"आई, तू जा," मुलगी थकून म्हणाली. "त्या नव्या मावशींना पाठव."

नवी मावशी म्हणजे बायकांना लाडावून ठेवते म्हणून गजरमावशीने ऊठसूट फैलावर घेतलेली बाई. तिला शोधून आणलं, आत पाठवलं, आणि स्वतः दाराबाहेर भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

आतून हुंदका आला, आणि पाठोपाठ मोठ्याने रडणं. "खूप दुखतंय हो मावशी, नाही सहन होत!" नवी म्हणत होती, "रड, बाळा, रड. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय!" रडता रडताच पाय फरशीवर घासत पुढे सरकल्याचा आवाज आला. एक पाऊल. थांबून दुसरं.

"ताई, आत या की!" नवीने हाक मारली. "चालतेय बघा तुमची लेक!"

गजरमावशीने दाराच्या कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"नको," ती हळूच म्हणाली. "मी आत आले की गप्प होईल ती."