काशीच्या कवितेवरचा माझा अभिप्राय

हरसूलच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. बाजाराचा दिवस, गर्दी ही एवढी. नागलीच्या भाकरींचं गाठोडं वर देत ती म्हणाली, "इकडची काळजी करू नको. मी बरी हाय." धाकटा भाऊ काशिनाथ माझी बॅग ठेवून खाली उतरला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. मी नोकरीसाठी नाशिकला निघाले होते, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत नव्हतं. गाडी कधी एकदाची सुटते असं झालं होतं.

पुढे इंदिरानगरात फ्लॅट झाला, बोली बदलली. 'लय' गेलं, 'खूप' आलं. शाळेत शिकवताना तोंडातून 'नाय' निसटलं की मी जीभ चावायचे. तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर हे जीभ चावणं तुम्हाला नवीन नाही.

मग कवितेचं वेड लागलं. आमच्या कॉलनीच्या वाचनगटात दर रविवारी कोणीतरी आजकालची एखादी मुक्तछंदातली कविता वाचतं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. नियम एकच, नुसतं 'छान' म्हणायचं नाही. आत काय दडलंय ते सांगायचं. यात मी इतकी तरबेज झाले की कवितेतला चुलीचा धूरसुद्धा मला साधा धूर दिसेना. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुपही होता. काशी गावाकडे शेती सांभाळून थोडंफार लिहायचा, म्हणून त्याला मीच त्यात घेतलं. मिरवायला, दुसरं काय! आमच्या डोंगरातही कवी आहे, बघा.

यंदाच्या थंडीत त्यानं ग्रुपवर एक कविता टाकली:

आई कोंबड्यांना नावानं बोलावते
एक चुकत नाय
मग मलाच विचारते
काशी कुठं गेला
मी म्हणतो, येईल

स्टाफरूममध्ये चहा पीत मी त्यावर भलामोठा अभिप्राय लिहिला. आईचं विसरणं हे मातीशी तुटलेल्या नात्याचं रूपक, शेवटची ओळ म्हणजे गाव सोडून गेलेल्या सगळ्यांची वाट पाहणं, आणि काय काय. लोकांनी भराभर अंगठे दिले. काशीनं फक्त हात जोडले. मला वाटलं, भारावला असेल.

संक्रांतीला घरी गेले. आईनं दारात माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "या." मला, पोटच्या पोरीला, 'या'! सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि कोणत्या गावच्या तुम्ही, म्हणून विचारलं. माझ्या तोंडून काय निघावं? नाशिकची.

काशी गोठ्यात होता. मी त्याच्यावर उखडलेच. एवढं झालं आणि साधा फोन करता आला नाही का, म्हणून. त्यानं हातातला चारा खाली ठेवला.

"सांगितलं व्हतं ना, ताई. फोनवर बोलाया घेतलं की दुसरंच बोलून ठेवायचो, म्हणून लिहून टाकलं. तू तर लय भारी लिहिलं त्याच्यावर."

टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण तो खरंच तसं म्हणत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो अभिप्राय ग्रुपवर अजून तसाच आहे. पुसायला बोट धजत नाही, आणि वाचायची तर हिंमतच नाही. रविवारी गटात आता मी गप्प बसते. लोक विचारतात, मॅडम, तब्येत बरी नाही का? काय सांगणार त्यांना, कप्पाळ! सुट्टी मिळाली की हरसूलची गाडी धरते. आई कधी ओळखते, बऱ्याचदा नाही. घर म्हणाल तर आता हेच, जिथं मी पाहुणी असते आणि तरी जावंसं वाटतं.

परवा निघताना आई अंगणापर्यंत आली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाई, माझी लेक असती नाशकात. भेटली तर सांगा तिला, मी बरी हाय."

मी म्हणाले, सांगते.