व्हॅनमधला पलंग

चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये मी जी गाडी बांधली, तशी आधी कोणी बांधली नव्हती आणि पुढेही कोणी बांधू नये असं माझं मत आहे. मूळ ती शाळेची व्हॅन. पोरं, दप्तरं आणि सांडलेले डबे वाहून वाहून तिचे गुडघे गेले होते, आणि पिवळा रंग असा उडाला होता की कावीळ उतरत आलेल्या माणसासारखी दिसायची. विकणारा म्हणाला, "इंजिन झकास आहे, साहेब." मी चावी फिरवली. समोरच्या सोसायटीतली कबुतरं तेव्हा जी उडाली ती अजून परत आलेली नाहीत.

ती घ्यायचं कारण बाबा.

बाबांचं दुखणं हाडांत उतरलं होतं. बसता येत नव्हतं. आडवंच पडायचं, आणि कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. गिरणी बंद पडल्यावर या माणसाने वॉचमनकीपासून पापड विकण्यापर्यंत मिळेल ते केलं, पण कुठल्याही मालकाकडे वर्षातून एक रजा हक्काने मागितली: गावच्या जत्रेची. कोकणातल्या आमच्या गावात देवापुढे नारळ ठेवून साऱ्या गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. मी जत्रेला जायचो तो मासे खायला आणि दशावतार बघायला. गाऱ्हाण्याच्या वेळी मी नेमका कुठल्या तरी स्टॉलवर असायचो.

"यंदा तुका देवाच्या पुढ्यात उभो करतलंय," बाबा म्हणाले. "शेवटचा गाऱ्हाणा मी घालतलंय नि मान तुझ्या हातात देतलंय. मगे काय ता होऊ दे. माका फक्त थंय न्हे."

डॉक्टर म्हणाले, "न्यायचं असेल तर लवकर न्या." जत्रेला पाच आठवडे होते.

रेल्वेत बर्थ मिळाला असता. पण दर अर्ध्या तासाला त्यांना उचलून हलत्या डब्यातून बाथरूमपर्यंत नेणार कोण? मी ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं. बाबा उशीवरून डोकं न उचलता म्हणाले, "मेल्या, ॲम्ब्युलन्सीतसून गावात शिरलंय तर लोका सुतकाच्या आंघोळीचा पाणी तापवतले."

म्हणून व्हॅन. व्हॅन दारात आली त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, मागची बाकडी काढा, खाली दोन जाड गाद्या टाका, आईंना शेजारी बसवा आणि या रविवारी निघा. जत्रेपर्यंत राहतील की गावी, चुलत्यांकडे."

एवढंच करायचं होतं. मी आज लिहितोय ते सगळं त्या एका वाक्यात संपलं असतं. पण मी म्हणालो, "गाद्या? माझा बाप काय कांद्याची गोण आहे?"

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा एक शाळासोबती फॅब्रिकेशनचा गाळा चालवतो. ग्रिल, जिने, गेट, सगळं करतो. त्याला मी कागदावर चित्र काढून दिलं. डोक्याकडून वर उचलता येणारा लोखंडी पलंग, पलंगाखाली खेचून काढायचा कमोड, बेसिन, बेसिनला पाण्याची टाकी, टाकीला पंप, पंपाला बॅटरी, दोन पंखे, औषधांचं कपाट आणि भिंतींना सनमायका. त्याने चित्र आडवं धरलं, उभं धरलं.

"तू बापाला गावाला नेतोयस की चंद्रावर?"

"तू फक्त वेल्डिंग कर रे."

"करतो. पण यार, काका कसे आहेत?"

"मस्त," मी म्हणालो. मी सगळ्यांना हेच सांगायचो.

काम आमच्याच आवारात चालायचं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी रोज चालायला निघताना गाडीत डोकावायचे. एकदा म्हणाले, "काय हो, स्विमिंग पूलच राहिला ना?" मी म्हणालो, "तो टपावर आहे. तुमच्या एनओसीसाठी थांबलोय." दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खरंच विचारायला आल्या की पाणी ड्रेनेजमध्ये सोडणार का. मी त्यांनाही सांगितलं की बोरिवलीच्या जंगलातले बिबटे गाडी बघायला रांग लावतायत, म्हणून कंपाउंडला जाळी मारतोय. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात पलंग झाला. तेव्हा निघता आलं असतं. पण बेसिनचा नळ मला पसंत पडेना. दुसऱ्या आठवड्यात नळ बदलला, तर पंप त्याला पाणी पुरवेना. तिसऱ्यात सनमायकाचा रंग. बाबांना हिरवा आवडतो असं मी ठरवलं होतं. त्यांना कधी विचारलं नव्हतं. बायको जिन्यावरून हाक मारायची, "अहो, वर या. त्यांना कुशीवर वळवायचंय." मी म्हणायचो, "आलो, हा एक स्क्रू." वर बाबांना वळवताना ते कण्हायचे. खाली ग्राइंडर चालू असला की ते ऐकू येत नसे, आणि मी तो बराच वेळ चालू ठेवायचो. कापायला काही नसलं तरी.

जत्रेला आठ दिवस उरले तेव्हा बाबांना पहिल्यांदा गाडी दाखवायला खाली आणलं. चादरीच्या झोळीत निजवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. अर्धी सोसायटी जमली. मी मागचं दार असं उघडलं, जणू आत हत्ती आहे. बाबा पलंगावर आडवे झाले, डोकं मागच्या दाराकडे, म्हणजे वारा लागेल आणि उलटा पळणारा रस्ता दिसेल, ही माझी अक्कल. पाय ड्रायव्हरच्या सीटकडे. मी कळ फिरवून त्यांचं डोकं वर केलं. त्यांनी हिरव्या भिंतीवरून हात फिरवला.

"बरा केलंस," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई, हातात औषधाची पिशवी घेऊन उभी होती ती, म्हणाली, "रे, गाव खंयच्या बाजूक इला?"

"गाव? सरळ खाली. दक्षिणेला."

"मगे गाडयेचा तोंड खंय रवतला?"

"दक्षिणे..." मी म्हणालो आणि थांबलो.

घरात कोणी दक्षिणेकडे पाय करून झोपलं तर आई भर दुपारी उठवून वळवते. ती यमाची दिशा. तसं निजवतात ते गेलेल्या माणसाला. आणि मी माझ्या जिवंत बापाला मुंबईपासून गावापर्यंत, बारा तास, पाय दक्षिणेला करून नेणार होतो. ॲम्ब्युलन्स नको म्हणून तिरडी बांधली होती मी. हिरव्या सनमायकाची.

"उलटो निजतंय," बाबा म्हणाले. "तेका काय व्हता?"

पण उलटं निजता येत नव्हतं. उचलायची कळ एका टोकाला, कमोड दुसऱ्या टोकाला, आणि सगळं गाडीच्या तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेलं. माझ्या मित्राचं काम पक्कं. "कापायला लागेल," मी म्हणालो. "दोन दिवस."

"काढून टाका ना तो पलंग," बायको हळूच म्हणाली. "गाद्या आहेत."

मी ऐकलं नाही. साऱ्या सोसायटीसमोर पलंग काढून गाद्या टाकायच्या? मित्र पोरीच्या साखरपुड्याला नाशिकला गेला होता, तर मीच ग्राइंडर घेतला. दोन दिवसांचे पाच झाले. पलंगाचा एक पाय वाकडा कापला, मग त्याच्या मापाने दुसरे तीन वाकडे कापले. चौथ्या दिवशी बाबांना ताप भरला आणि हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. दोन रात्री तिथे. डॉक्टरांनी या वेळी लवकर न्या असं म्हटलं नाही. 

जत्रेच्या आदल्या सकाळी आम्ही निघालो. वळवलेल्या पलंगावर डोकं पुढे, पाय मागे, सगळं शास्त्राला धरून. आई त्यांच्या पायाशी बसली, बायको माझ्या शेजारी. हायवेला लागलो. उड्डाणपुलावर जिथे जिथे सांधा येतो तिथे गाडीला बारीकसा दणका बसतो. आपल्याला तो कळतही नाही. मला त्या दिवशी एकेक कळला, कारण प्रत्येक सांध्याला माझ्या मानेमागून बाबांचा आवाज यायचा. अंधेरी मागे पडली आणि आवाज बंद झाला. ते बंद होणं मला जास्त लागलं. सांताक्रूझला त्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर बोटाने टकटक केलं. मी सर्व्हिस रोडला उतरून गाडी बाजूला लावली.

"परत फिरव," बाबा म्हणाले.

"बाबा, पनवेलपर्यंतच हा त्रास. पुढे रस्ता एकदम लोणी. मागच्याच महिन्यात केलाय, मी स्वतः विचारलंय."

"झिला," ते म्हणाले, "माका खोटा सांगू नको. हयसून फिरव."

मी मागे जाऊन त्यांच्याजवळ बसलो. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की सगळी गाडी थरथरली. ते जाईपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "तू जा. एकटो जा. गाऱ्हाणा येता तुका?"

मी उभ्या जन्मात गप्प बसलेलो नाही. लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, माझ्याकडे बोलायला कायम काहीतरी असतं. तेव्हा मला एकही ओळ येत नव्हती. बाबा सांगत गेले आणि मी मागून म्हणत गेलो. बा देवा म्हाराजा म्हणून सुरुवात, मग गावातल्या पोराबाळांसाठी, गुरावासरांसाठी, मुंबईला असलेल्यांसाठी. प्रत्येक मागणीनंतर जमलेलं गाव एका आवाजात म्हणतं, व्हय म्हाराजा. सर्व्हिस रोडवर ते आई म्हणत होती. नंतर बायकोही म्हणायला लागली. ती विदर्भातली, पण तिने ते नीट म्हटलं.

"आता तू आपल्या मनान सांग," बाबा म्हणाले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या बाबांना शंभर वर्षं आयुष्य दे, आणि तुझ्या देवळाला मी सोन्याचा कळस..."

"गप," बाबा म्हणाले. "आसा तितक्याच सांग."

मग मी गाडी वळवली. उत्तरेला तोंड झालं आणि त्यांचे पाय पुन्हा दक्षिणेला आले.  आईने त्यांच्या पावलांवर हात ठेवला तो चारकोपपर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच गाडीने एकटा निघालो. मागे रिकामा पलंग पनवेलपासून खडखडत होता, वाकड्या पायांचा. दिवस मावळता देवळात पोचलो. लोक विचारत होते, "म्हातारो खंय?" मी सरळ देवापुढे गेलो. नारळ ठेवला, हात जोडले. माणसं मागे दाटून उभी राहिली.

बाबांनी शिकवलेलं सगळं म्हटलं, ओळीने, न चुकता. प्रत्येक ओळीला गाव म्हणालं, व्हय म्हाराजा. मग थांबायला हवं होतं.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "आमचो बापूस तुझ्याकडे येवक तयार होतो."

"व्हय म्हाराजा!"

"तेका आणूक येळ होतो. मीच उशीर केलंय."

"व्हय म्हाराजा!"

कोणी चमकलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. शे-दोनशे माणसांनी छातीवर हात जोडून ते मान्य केलं. माझ्या बोलण्यावर एवढ्या लोकांनी एकदम विश्वास ठेवल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

परत आलो तेव्हा बाबा जागे होते. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं, शेवटच्या दोन ओळींसकट. त्या गाळाव्यात असं वाटलं होतं, पण आई समोर बसली होती आणि तिने सवयीने व्हय म्हाराजा म्हणायला सुरुवात केली होती. शेवटच्या ओळीला ती गप्प राहिली.



"ता देवाक म्हायत होता रे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "माका वळव."

मी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना कुशीवर वळवलं. ते कण्हले. मी हात काढला नाही.