काचेच्या पेटीतला उजवा बूट

डेपोतून बूट मिळाले तेव्हा ते आमच्या दारातल्या चपलांत नाही, थेट लोखंडी कपाटात गेले. माझ्या लग्नातल्या शालूच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट. काळेकुळकुळीत, जाडजूड, पुढे बोटांवर लोखंडी टोपी. सगळ्यांना एकाच मापाचे आले होते. ज्याचा पाय लहान त्याने पुढे कापूस कोंबायचा. आमच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा.

माझा नवरा दारूगोळ्याच्या डेपोत हमाल आहे. लोकांना वाटतं, तिथे धोका फक्त स्फोटाचा. स्फोट राहिला बाजूला, पेटीच इतकी जड असते की हातातून सुटली तर पाय गेला म्हणून समजा. दोन टोकांना दोरीच्या कड्या, दोन माणसं धरून उचलतात. हे सगळं ठाऊक असून हा माणूस कामावर रबरी चपला घालून जायचा आणि बूट घालायचा लग्नात. रोहणा गावातल्या एका लग्नात पांढऱ्या पॅन्टखाली ते बूट चढवून असा काही ऐटीत फिरला, की नवरदेव बिचारा फिका पडला.

"अवो, ते पाय वाचवाले दिले, वरातीत नाचाले नाई," मी म्हणायचे.

"नवे आहेत, खराब होतीन ना. तपासणी असते त्या दिवशी घालतोच की."

तपासणीचं पथक यायच्या आधी निरोप यायचा. त्या दिवशी सगळा डेपो बूट घालून उभा. साहेब लोक खाली बघायचे, खूश व्हायचे, चहा पिऊन जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला. नवऱ्याचा जोडीदार, म्हणजे पेटीचं दुसरं टोक धरणारा, तो तर याच्याही वरचा. त्याने बूट पोरीच्या लग्नासाठी राखून ठेवले होते. पोरगी तेव्हा नववीत होती.

एक दिवस पेटी निसटून नवऱ्याच्या पायाला घासून पडली आणि चपलेचा अंगठा तुटला. घरी येऊन हा चपलेसाठी हळहळत बसला. माझी नजर मात्र त्याच्या पायावर. हा पाय गेला तर आमचं काय होणार, हे काय त्याला चपलेएवढंही वाटत नव्हतं? डोकंच फिरलं माझं.

मग मी काय केलं, आंजीला माहेरी कापूस वेचायला गेले ती ते बूट घालून. नऊवारी नाही, साधीच साडी, पण खाली ते लोखंडी टोपीचे बूट. बाया वेचणं सोडून हसत होत्या. "काय वं बाई, मिलटरीत भरती झाली काय?" मी मुद्दाम चिखलातून चालले, पाटात उभी राहिले, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडांवर टाचा घासल्या. परत आल्यावर ते बूट नवऱ्यासमोर आपटले.

"घ्या. आता झाले जुने."

तो बरेच दिवस ते फडक्याने घासत बसला. पण तसले बूट कोणाच्या लग्नात घालता येतात? मुकाट्याने कामावर घालू लागला.

त्या थंडीत पेटीची दोरी तुटली. दोरी कुजली आहे हे दोघांनीही वर सांगितलं होतं, वरून 'पाहू' आलं होतं. दोघांचेही उजवे पाय खाली सापडले. नवऱ्याचा बूट चेपला, नखं काळी पडली. जोडीदाराचं अर्धं पाऊल डॉक्टरांना काढावं लागलं. दवाखान्यात मी नवऱ्याच्या बोटांवरून हात फिरवत रडले आणि समोर बाकावर जोडीदाराची बायको बसलेली दिसली. मला झालेल्या आनंदाची मलाच लाज वाटली.

चौकशी झाली. बूट घातले होते का, एवढंच विचारलं. मग सुरक्षा सप्ताहात तो चेपलेला उजवा बूट काचेच्या पेटीत ठेवला, त्याला हार घातला, नवऱ्याला नारळ दिला. साहेब बुटाबद्दल इतकं भरभरून बोलले, की बूट निवृत्त होतोय असंच वाटावं. मला राहवलं नाही.

"साहेब, बुटाले हार घातला, दोरीचं काय केलं जी?"

दोरी दुसऱ्या विभागाकडे येते, असं कळलं. आणि नवा जोड? तो पुढच्या खेपेला.

सोमवारी नवरा कामावर निघाला तो डाव्या पायात बूट, उजव्या पायात चप्पल. मी दारात आडवी उभी राहिले. हसूही येत होतं, संतापही. आमची हुज्जत चालू असतानाच जोडीदार कुबडी टेकत आला. खांद्याला पिशवी. आत प्लास्टिकमधला नवाकोरा उजवा बूट.

"वयनी, मले हा आता लागत नाई," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात डावाच घालतो. लोकाईले काय, ते चमक पाह्यतात." मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "पण तू हा कामावर घालजो रे बावा."

नवरा उंबऱ्यावर बसला, प्लास्टिक फाडलं, आत कापूस कोंबला आणि तो बूट घालून कामावर गेला.