मास्तरांचं नाक आणि माझी बिडी

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा, शाळा चौथीत सोडलेली. तरी छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्या गावच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांसारखं नाक बारामतीपासून इंदापुरापर्यंत दुसऱ्या कुणाला नाही. पोरगं फाटकातून आत आलं की मास्तर भात्यासारखा श्वास ओढायचे आणि सांगायचे, "सिगारेट. कॅनॉलच्या पुलाखाली. वर बडीशेप." एक बहाद्दर कच्चा कांदा खाऊन आला, तर मास्तर खुशीत म्हणाले, "कांद्याच्या मागं बिडी लपलीय, बाहेर ये म्हणावं तिला!" मारायचे मात्र कधी नाहीत. तलफ आली की वर्गाच्या कोपऱ्यातलं उसाचं कांडकं घ्यायचं आणि दातानं सोलायचं, एवढीच शिक्षा. दहावीचा वर्ग वैरण टाकलेल्या गोठ्यासारखा वाजायचा. गणिताच्या बाई चिपाडं तुडवत फळा गाठायच्या.

साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकून गळीत सुरू करतात, तशी वर्षाअखेरीस मास्तरांनी शाळेत मोळी बांधली. पोरांनी आपणहून आणून दिलेल्या बिड्या-सिगारेटींची! तिला हार घातला, नारळ फोडला, हेडमास्तरांच्या हस्ते पेटवली. वारा कुणीकडचा, ते कुणी बघितलंच नाही. सगळा धूर आम्ही गावकरी बसलो होतो त्या मंडपात! जन्मात बिडीला न शिवलेल्या पोरी, पाहुणे, खिचडीवाल्या मावशी, सगळ्यांनी एका दमात वर्षाची ओढून घेतली. मी हसून हसून आडवा झालो आणि त्या आनंदात माझीही एक शिलगावली.

तेवढ्यात दहावीतलं एक पोरगं उठलं. "मास्तर, आबा वढत्यात ते चालतं व्हय? त्यांनी सोडली तरच आमी सोडू. न्हायतर उद्यापास्नं परत पुलाखाली!"

"व्हय, व्हय!" सगळा वर्ग उठला. मास्तरांची वर्षाची मेहनत त्या धुरातच चालली.

मास्तर डोळे पुसत माझ्याकडं आले. "आबा, बंडल द्या."

"न्हाय देत. माझ्या बापालाबी दिलं नसतं."

"मग कांडकं तरी घ्या."

"चार दातांनी सोलू व्हय?"

मास्तर खाली बसले, चाकूनं ऊस सोलून त्याचे बारीक तुकडे माझ्या तळहातावर ठेवत गेले. हळूच म्हणाले, "वडलांना असंच द्यायचो, आबा. पण लई उशिरा. त्यांच्या सदऱ्याच्या वासावरच तयार झालंय हे नाक."

मी ताठ मानेनं उठलो. तुकडे मात्र टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पोरांच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर मास्तरांसमोर तोंड उघडलं. म्हटलं, "हुंगा."